आजीची अर्धी गोळी
(इंदापूर येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



विषय कळल्यावर काहीजणींनी विचारलं, हा तर डॉक्टरांचा प्रांत, आपण त्यात कशाला पडायचं? आपल्याकडे मारहाण आहे, पोटगी आहे, दारू आहे. बरोबर आहे. पण साठी ओलांडलेल्या बाईला विचारून बघा, रात्री कोणकोणत्या गोळ्या घेता? बीपीची सांगते, साखरेची सांगते आणि मग जरा आवाज खाली आणून म्हणते, "आणि ती झोपेची अर्धी." कधीपासून? "मालक गेले तेव्हापासून." मालकांना जाऊन अकरा वर्षं झालेली असतात. गोळीचं नाव तिला ठाऊक नसतं. मुलगा मेडिकलमधून आणतो, जुनी चिठ्ठी दाखवून, कधी नुसती रिकामी स्ट्रिप दाखवून.

ही गोष्ट फक्त आपल्या तालुक्यातली नाही. 1960 मध्ये लिब्रियम आणि 1963 मध्ये व्हॅलियम या गोळ्या अमेरिकेत बाजारात आल्या. त्यांच्या जाहिरातींत कोण होतं? घरकामाने पिचलेली, एकटी, चिडचिडी झालेली बाई. तिच्या कामाची वाटणी कोणी केली नाही, तिला गोळी दिली. तिथल्या स्त्री-चळवळीने यावर आवाज उठवला आणि 1979 मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये या गोळ्यांच्या सवयीवर सुनावणी झाली. आपल्याकडे त्याच कुळातल्या गोळ्या आहेत: डायझेपाम, अल्प्राझोलम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम. झोल्पिडेम कुळाने वेगळी, पण वागायला तशीच. नावं पाठ करू नका. स्ट्रिप हातात घेऊन वाचा.

म्हातारपणी या गोळ्यांनी काय होतं? शरीर औषध सावकाश बाहेर टाकतं. रात्री घेतलेली गोळी पहाटेही अंगात असते. आजी लघवीला उठते, संडास अंगणापलीकडे, मध्ये उंबरा, लाइट गेलेली. पाय लटपटतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर कित्येकजणी पुन्हा धड चालत नाहीत. दुसरं, विसरभोळेपणा येतो, बोलण्यात गोंधळ होतो. घरातले म्हणतात, म्हातारचळ लागला. गोळीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

मग बंद करून टाकायची का? नाही. ही एक गोष्ट आज नीट ऐकून जा. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, जीव घाबरा होतो, काहींना फिट येते. आपल्यातली एखादी उत्साही कार्यकर्ती घरी जाऊन सासूची गोळी चुलीत टाकेल, याची मला खरंच धास्ती वाटते. गोळी उतरवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरी पायरीने. दोन आठवड्यांत पाव हिश्शापेक्षा जास्त कमी करायची नाही, आणि शेवटच्या पायऱ्या तर आणखी सावकाश. काहींना चार-पाच महिने लागतात, काहींना वर्ष. ज्यांना फिटच्या आजारासाठीच ती गोळी दिलेली आहे, त्यांच्या वाटेला आपण जायचं नाही.

मात्रा कमी केली की पहिल्या काही रात्री झोप जास्तच उडते. आजी म्हणते, "बघ, मी म्हणत नव्हते का, गोळीशिवाय मला जमत नाही." ती मेंदूला लागलेल्या सवयीची ओढ असते, सहसा ओसरते. हे आधीच सांगून ठेवलं तर ती टिकते, न सांगितलं तर तिसऱ्या रात्री पुन्हा पूर्ण गोळीवर जाते. त्या दिवसांत कोणीतरी रोज सकाळी तिच्याकडे चक्कर मारायला हवी. शेजारीण चालेल, बचत गटातली बाई चालेल.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात या विषयावर एक अभ्यास झाला, तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ अशा गोळ्या घेणारी 303 वयस्क माणसं त्यात होती. त्यांतल्या काहींना घरपोच एक पुस्तिका पाठवली: गोळी काय करते, कमी कशी करायची, डॉक्टरांना काय विचारायचं. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी शेकडा 27 जणांनी गोळी पूर्ण सोडली होती. न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा 5 होतं. कोणी दटावलं नव्हतं, गोळी हिसकावली नव्हती. माहिती मुलाच्या किंवा सुनेच्या हाती न देता ज्याची गोळी त्याच्याच हाती दिली होती. आपल्या कितीतरी आज्यांना वाचता येत नाही. तेव्हा आपली पुस्तिका म्हणजे आपण स्वतः, ओट्यावर बसून सांगणाऱ्या.

आता झोपेचं. संध्याकाळी सातला जेवण आणि आठला आजी आडवी. अडीचला जाग आली की म्हणते झोपच नाही. अहो, साडेसहा तास झोप झाली की! वय वाढलं की झोप हलकी होते, लवकर येते, लवकर मोडते. दुपारची दोन तासांची डुलकी आवरली, चारनंतरचा चहा सोडला, डोळे जड होईपर्यंत अंथरुणावर पाठ टेकली नाही, उठायची वेळ रोज एकच ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. ती संध्याकाळी घेतली जात असेल तर सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गुडघ्याच्या दुखण्याने जाग येत असेल तर इलाज गुडघ्यावर हवा.

पण बऱ्याचदा जागं राहण्याला कारण असतं. शेतीची लाइट रात्रपाळीला असली की मुलगा उसात दारं धरायला जातो. सापाची भीती, आता बिबट्याचीही. तो परत येईतो आईचा डोळा लागत नाही. तिला गोळी द्यायची की दिवसा वीज मागायची? एका आजींची झोप जमीन मुलांच्या नावावर केल्यापासून उडाली होती. दोन्ही सुनांनी भाकरीची पाळी लावलेली, पाळी बदलायच्या दिवशी ताट कोणाचंच नाही. त्यांच्या चिठ्ठीवर फक्त 'झोप येत नाही' एवढंच लिहिलेलं. आई-वडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, त्याखाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट त्यात लिहून घ्या, म्हणजे अट मोडल्यावर ते रद्द करून मागता येतं. हेही झोपेचंच काम आहे.

काही घरांत गोळी आजीपेक्षा घरालाच हवी असते. आजी रात्री उठते, हाका मारते, भांडी हलवते. दिवसभर खुरपून आलेली सून वैतागून अर्ध्याची पूर्ण गोळी देते. तिला खलनायिका ठरवून आपण मोकळ्या होऊ नये. रात्रीची पाळी मुलाने किती वेळा केली, हे आधी विचारावं.

कायद्याबद्दल एक. मार्च 2014 पासून अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन यादीत आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. डॉक्टरचं, रुग्णाचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. मग मेडिकलवर मोर्चा काढायचा का? माझं मत, लगेच नको. उद्या अचानक गोळ्या मिळेनाशा झाल्या तर दहा-दहा वर्षं घेणाऱ्या बायकांचे हाल होतील. आधी त्यांना डॉक्टरांपर्यंत न्या. बारामतीला 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे चौकशी करता येईल. मनावर ताण असेल तर 14416 हा टेलि-मानसचा मोफत सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलतात.

माझ्या ओळखीच्या एका आजी नऊ महिन्यांत अर्ध्या गोळीवरून पाववर आल्या आणि म्हणाल्या, "आता एवढी राहू दे बाई." डॉक्टरही हो म्हणाले, राहू दिली. सकाळी त्या आता टवटवीत असतात. सुनेचं म्हणणं, भांडायलाही लवकर उठतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या दोन आज्यांशी बोलून या. गोळीचं नाव, किती वर्षं, कोण आणून देतं आणि रात्री जाग आल्यावर मनात काय येतं, एवढंच विचारा. नावं कागदावर लिहू नका. आता तुमचे प्रश्न घेते.