चित्राखालचे नाव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला चित्रकला शिकवली नाही. ते संस्कृत शिकवीत. तरीही आजच्या विषयाचा पहिला पाठ मला त्यांच्याकडूनच मिळाला. शाळेचे हस्तलिखित वार्षिक तेव्हा नियमाने निघे. १९५७ च्या अंकात मेघदूतावर एका हुशार मुलाचा निबंध होता आणि समोरच्या पानावर मी काढलेले उज्जयिनीचे चित्र. निबंधाखाली लेखकाचे नाव होते, चित्राखाली काहीच नव्हते. गुरुजींनी टाक दौतीत बुडवून माझे नाव तेथे लिहिले, आणि मग विचारले, "हा तट दगडी काढलास, तो कोणाला विचारून?" मी निरुत्तर झालो. पुढच्या रविवारी ते मला गढावर घेऊन गेले.

गढावर त्या वर्षांत भारतीय पुरातत्त्व खात्याचे उत्खनन चालू होते. एन. आर. बॅनर्जी यांच्या देखरेखीखाली प्राचीन उज्जयिनीचा तट उघडा पडत होता, आणि तो मातीचा होता! प्रचंड रुंदीचा, भोवती खंदक असलेला, नदीच्या बाजूस लाकडी ओंडक्यांचा आधार दिलेला. खड्ड्याच्या काठावर एक गृहस्थ फळीवर कागद ताणून थरांचे रेखाटन करीत होते. मी त्यांच्याकडेच पाहत राहिलो. परतताना गुरुजी म्हणाले, "तो तट कालिदासाच्या कितीतरी आधीचा. आता तुला आधी शतक ठरवावे लागेल, मग चित्र." संस्कृतच्या शिक्षकाने चित्रकाराला उत्खननाच्या काठावर उभे करावे, यालाच आज आंतरविद्याशाखीय उपक्रम म्हणतात.

कला आणि अभिकल्प यांच्या महाविद्यालयांतून आज या उपक्रमांना मोठी प्रतिष्ठा आहे. नर्तक, मुद्रणतज्ज्ञ, वास्तुविशारद, कवी एका मंडपात बसतात, आणि शेवटी एक देखणी स्मरणिका निघते. मी अशा अनेक मंडपांत बसलो आहे, तेथील चहाही उत्तम असतो. परंतु एका मंडपात बसणे निराळे आणि एका कामाला हात लावणे निराळे. दुसऱ्याच्या विद्येमुळे आपल्याला आपली रेघ खोडावी लागली नाही, तर ते सहकार्य मी सहकार्य मानत नाही.

या कामाची आपल्याकडील परंपरा जुनी आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. पेस्तनजी बोमनजी हे त्याच विद्यार्थ्यांपैकी. हे काम १८८५ पर्यंत चालले. प्रतिकृती लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या आणि त्याच वर्षी तेथे लागलेल्या आगीत पुष्कळशा जळून गेल्या. एवढ्या हंगामांचे श्रम एका आगीत! पुढे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला म्हणून त्या हातांचे काम सर्वदूर पोहोचले. प्रकाशन हा कार्यक्रमाच्या शेवटी वाटायचा प्रसाद नव्हे, हे मला त्या आगीने शिकवले.

आपल्या माळव्यात हाच प्रयोग बाघला झाला. बाघची लेणी तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होती, उज्जैनही त्याच संस्थानात. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे हे मराठी गृहस्थ. पुढे १९३८-३९ मध्ये उज्जैनच्या गढावर त्यांनीच उत्खनन केले. ठिसूळ वालुकाश्म, कोसळलेली छते आणि धुराने काळवंडलेल्या भिंती यांमुळे बाघची चित्रे दिवसेंदिवस नाहीशी होत होती. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर तेथे आले. त्यांच्याबरोबर भोसले, आपटे, भांड आणि जगताप हे चित्रकारही होते. त्या प्रतिकृतींवरून १९२७ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथ काढला. त्यात मार्शल, गर्दे, फोगेल, हॅवेल आणि कझिन्स यांचे लेख आहेत. नंदलालांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपटे आणि भांड यांचे नाव या सभागृहात किती जणांनी ऐकले आहे? मूळ चित्रे विरत गेली तसतशी या मंडळींची रेघच पुरावा बनली, आणि तरीही आपण तिला 'नक्कल' म्हणतो.

आता आपल्या गावाकडे येतो. १९५८ मध्ये पंडित सूर्यनारायण व्यास यांच्या प्रयत्नांतून अखिल भारतीय कालिदास समारोह सुरू झाला. देवप्रबोधिनी एकादशीला आरंभ, संस्कृत पंडितांचे परिसंवाद, कालिदासाच्या नाटकांचे प्रयोग आणि त्याच्या काव्यांवरील चित्र-मूर्तिकलेचे प्रदर्शन, अशी त्याची रचना. प्रदर्शनासाठी यक्ष काढायला बसलेल्या चित्रकारापुढे प्रश्नांची रांगच उभी राहते. कुटज कसा दिसतो? अलकेच्या स्त्रिया केसांत कोणते फूल कोठे माळतात? शब्दाचा अर्थ पंडित सांगतो. दागिन्याचा घाट मात्र तत्कालीन शिल्पांत आणि मृण्मूर्तींत शोधावा लागतो. कधी उलटही घडते. चित्रकाराने "हे आभरण नेमके कोठे बसते?" असे विचारले की टीकाकारांनी सोयीने ओलांडलेला शब्द पंडिताला पुन्हा उघडावा लागतो. मला या समारोहातले सर्वांत मोलाचे क्षण दालनातल्या अशा कुजबुजीत सापडले, व्यासपीठावर क्वचितच.

आणि या सर्व विद्या एकाच देहात नांदताना पाहायच्या असतील तर विष्णु श्रीधर वाकणकर, आपल्या सर्वांचे हरिभाऊ. १९१९ मध्ये नीमच येथे जन्म. वृत्तीने आणि शिक्षणाने चित्रकार. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन चालवले. १९५७ मध्ये भोपाळकडे जाताना आगगाडीतून दूरचे खडक दिसले, त्यांची चाहूल घेत ते चालत गेले आणि भीमबेटका जगापुढे आले. ही गोष्ट आपण मुलांना शोधाची म्हणून सांगतो. मला ती नजरेची वाटते. गुहेतल्या भिंतीवर गेरूची हरिणे, त्यांवर पांढरे घोडेस्वार, त्याखाली आणखी पुसट काही, अशी चित्रावर चित्रे चढलेली असतात. कोणती रेघ आधीची आणि कोणती नंतरची, हे ओळखण्यासाठी ब्रश हाती धरलेला माणूस लागतो. त्या क्रमावरच काळाचा विचार उभा राहतो. म्हणजे येथे चित्रकार पुरातत्त्वज्ञाचा मदतनीस नव्हता; रेखाटन हेच संशोधन होते.

त्यांचे विद्यार्थीही या भटकंतीत असत. पुढे भोपाळला नावारूपाला आलेले चित्रकार सचिदा नागदेव हे त्यांच्यापैकीच. कायथ्याचे उत्खनन हरिभाऊंनी साठच्या दशकात केले. तेथील तपकिरी लेपाची भांडी चार हजार वर्षांहून जुनी. अशा भांड्याच्या काठाचा एखादा तुकडा हाती आला, की त्याच्या वक्रतेवरून व्यास ठरवायचा आणि अर्ध्या भागात छेद, अर्ध्या भागात बाह्यांग दाखवून सबंध भांडे कागदावर उभे करायचे. हे जमलेल्या मुलाला आकाराविषयी निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

१९७६ मध्ये येल विद्यापीठाने भारतातील पाषाणयुगीन चित्रांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर दोन नावे आहेत: रॉबर्ट ब्रुक्स आणि विष्णु वाकणकर. ब्रुक्स हे अमेरिकेतील विल्यम्स महाविद्यालयाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक! अर्थशास्त्रज्ञ आणि चित्रकार मिळून पाषाणयुगावर लिहितात, आणि दोघांचीही नावे छापली जातात. हरिभाऊ १९८८ मध्ये गेले. भीमबेटका २००३ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले.

शाळेला माझी एक विनंती आहे. येत्या देवप्रबोधिनी एकादशीपूर्वी चित्रकलेची सहा, संस्कृतची सहा आणि इतिहासाची सहा मुले एकत्र गढावर पाठवावीत. एका वहीत तिघांनी मिळून एकेक पान करावे आणि तिघांचीही सही पानाखाली घ्यावी. त्या पानांची छापील पुस्तिका निघावी. हस्तलिखित मी पुरेसे पाहिले आहे, आणि १९५७ च्या त्या अंकाला वाळवी लागली हेही पाहिले आहे. कागद आणि छपाईच्या खर्चाचा अंदाज मी आजच मुख्याध्यापकांच्या हाती दिला आहे. माती भिजलेली असेल, मुलांना जुने बूट घालायला सांगावे.