चित्र कोणतं, ते नंतर ठरवू

आज आपण भिंतीबद्दल बोलू. घराच्या नाही, गावाच्या. शाळेची भिंत, ग्रामपंचायतीची, पाण्याच्या टाकीची, एसटीच्या थांब्याची.

कोणत्याही गावात शिरा, या भिंती आपल्याशी बोलायला लागतात. झाडं लावा, पाणी वाचवा, मुलगी शिकवा. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झालं तेव्हा तर गावंच्या गावं रंगली. त्या काळात पुष्कळ चांगलं काम झालं, ते नाकारायचं कारण नाही. पण भिंतीवरची बाई जरा आठवून बघा. डोक्यावर हंडा, नाहीतर कडेवर मूल, नाहीतर दोन वेण्या घालून शाळेला निघालेली. बँकेत सही करणारी, ट्रॅक्टर चालवणारी, ग्रामसभेत उभी राहून बोलणारी बाई भिंतीवर किती वेळा दिसते? गावात तर ती आहे.

आता बरेच बचत गट म्हणतात, आम्हालाही आमचा चौक रंगवायचाय, महिला दिनाला काहीतरी वेगळं करायचंय. पहिला प्रश्न येतो, चित्र कोणतं काढायचं? माझं म्हणणं, हा प्रश्न शेवटी घ्या. आधी बघा की त्या जागी थांबतं कोण.

त्यासाठी एक सोपं काम करा. गटातल्या तिघी-चौघींनी एक दिवस वाटून घ्यायचा. सकाळी एकीनं, दुपारी दुसरीनं, दिवेलागणीला तिसरीनं गावातून एक फेरी मारायची आणि वहीत लिहायचं, कुठे कोण बसलंय आणि कुठे कोण उभं आहे. पारावर कोण, चावडीपुढे कोण, चहाच्या टपरीवर कोण. आणि बाया कुठे? पिठाच्या गिरणीपुढे, रेशनच्या रांगेत, अंगणवाडीच्या दाराशी, दवाखान्याच्या ओट्याखाली. वहीत बहुतेक एकच गोष्ट उतरेल. पुरुष बसलेले, बाया उभ्या. डोक्यावर किंवा हातात काहीतरी घेऊन उभ्या. गाव आपलं म्हणायचं, पण दहा मिनिटं निवांत टेकायला जागा नाही.

म्हणून गिरणीपुढची ती जागा धरा. तिथे एक कट्टा, वर थोडी सावली, रात्रीचा एक दिवा. आणि मग त्या कट्ट्यामागची भिंत रंगवा. मग ते चित्र नुसती सजावट राहत नाही. ही बसायची जागा आहे आणि ती बायांची आहे, हे ते न बोलता सांगतं. वेशीवर मोठी कमान रंगवून पाहुण्यांना खूश करण्यापेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं. वेशीवरचं चित्र गाडीतून जाणारा एकदा बघतो, गिरणीपुढचं चित्र तुम्ही आठवड्यातून दोनदा बघणार.

अजून एक बघा, भिंत कोणत्या आळीतली निवडताय. दर वेळी देवळापुढचा चौकच सजतो आणि वस्तीवरची, तांड्यावरची भिंत तशीच राहते. गटात सगळ्या वस्त्यांतल्या बाया असतील, तर भिंतीही सगळ्या वस्त्यांतल्या असायला हव्यात. पैसे एकाच भिंतीपुरते असतील, तर पहिली भिंत वस्तीवरची घ्या.

आता पैशांचं बोलू, कारण तिथेच बाया गप्प बसतात.

बिहारमध्ये मिथिला म्हणून भाग आहे. तिथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या लग्नघराच्या आतल्या खोलीत, मातीच्या भिंतींवर चित्रं काढत आल्या. १९६६-६७ला तिकडे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी एका मराठी चित्रकाराला तिथे पाठवलं, भास्कर कुलकर्णी त्यांचं नाव. त्यांनी बायांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा. चित्रं विकली गेली, घरात पैसा आला. सीतादेवी, गंगादेवी या त्यातल्याच, पुढे दोघींना पद्मश्री मिळाली. लग्नघरातलं काम होतं तेव्हा त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. दाम मिळाला तेव्हा ती कला झाली.

त्याच भागातलं मधुबनी रेल्वे स्टेशन २०१७ साली तिथल्या कलाकारांनी सगळं रंगवून काढलं. पुढच्या वर्षी रेल्वेच्या सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं आपल्याकडे आलं, बल्लारशा आणि चंद्रपूर या स्थानकांना. तिथे ताडोबाच्या जंगलाची चित्रं आहेत. पण मधुबनीचं ते काम कलाकारांनी श्रमदानातून केलं होतं. श्रमदान वाईट नाही, आपणही करतो. मला एवढंच विचारायचंय की रंग श्रमदानातून येतो का? शिडी, सिमेंट, मांडव श्रमदानातून येतात का? मग हातच तेवढे फुकट का?

आपल्या पालघर-डहाणूकडे बघा. वारल्यांच्या लग्नात घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकात पालघाट देवी असते. तो चौक सवाशिणी लिहीत आल्या आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. पुढे ती कला कागदावर आली, बाजारात गेली, जगभर पोचली. जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या हाताला शोभणारीच होती. तरीही हे खरं की पैसा आला तसा ब्रश जास्त करून पुरुषांच्या हातात गेला. आपल्या गावात हे लहान प्रमाणात रोज होतं. बॅनरवाल्याला बिल मिळतं आणि दारात चार तास रांगोळी काढणाऱ्या बाईला नारळ आणि ब्लाउजपीस.

म्हणून अंदाजपत्रक लिहाल तेव्हा त्यात चित्र काढणाऱ्या बायांची मजुरी वेगळ्या ओळीत लिहा. रंगाच्या आधी लिहा. नंतर उरलं तर देऊ, असं म्हटलं की उरत नाही.

आता भिंतीचं तंत्र थोडं ऐका, कारण चित्र पहिल्याच पावसात उतरलं तर लोक तेवढंच लक्षात ठेवतात. भिंतीवरून हात फिरवा. हाताला चुना लागला तर तो खरवडून काढायचा, वरून रंग मारून उपयोग नाही. खाली ओल दिसते का, पन्हळीचं पाणी कुठे पडतं, तेही पाहा. ओल असेल तर आधी ती दुरुस्ती, नाहीतर दुसरी भिंत. नवा गिलावा केला असेल तर पाणी मारून चार आठवडे तरी जाऊ द्या. दिवाळीनंतरचे दिवस चांगले, भिंत वाळलेली असते आणि ऊनही बेताचं. घरात लावतो तो डिस्टेंपर बाहेर टिकत नाही. दुकानात भिंतीच्या बाहेरच्या बाजूचा इमल्शन रंग मागा आणि त्याखाली प्रायमर लावा. एका लिटरमध्ये दोन हात देऊन साधारण पन्नास चौरस फूट भिंत होते. म्हणजे वीस फूट लांब आणि आठ फूट उंच भिंतीला तीन-चार लिटर लागेल, चित्राचे रंग वेगळे. पश्चिमेकडच्या भिंतीवर भडक गुलाबी आणि लाल लवकर विटतात. गेरूचा तांबडा टिकतो, आपल्या आज्यांना ते माहीत होतं.

भिंत कुणाची हेही आधी बघा. शाळेची असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, देवळाची असेल तर विश्वस्त, कुणाच्या घराची असेल तर मालकाची लेखी संमती. तोंडी होकार निवडणुकीच्या हंगामात विसरला जातो, आणि आपल्या चित्रावर कुणाचं तरी चिन्ह येतं.

पण प्रत्येक गोष्ट टिकलीच पाहिजे असंही नाही. रांगोळी रोज पुसली जाते. तांदळाच्या पिठाचा चौक पुढच्या लग्नापर्यंत विरून जातो, म्हणून तर लेकी-सुनांना तो पुन्हा लिहावा लागतो आणि हात शिकतो. तुमच्या गटाकडे पैसे कमी असतील तर मातीची भिंत, शेणाचा सारवा, गेरू आणि चुना घ्या. दर वर्षी दिवाळीनंतर एक दिवस ठरवा. गेल्या वर्षी ज्यांनी रेषा काढल्या त्यांनी या वर्षी पोरींना शिकवायचं. तेलरंगाच्या एका चित्रापेक्षा असा नेम गावाला जास्त देऊन जातो, असं माझं मत आहे.

आणि नुसती चित्रंच कशाला? कट्टा झाला की तिथे आवाज हवा. हेमा राईरकर आणि गी पॉत्वँ यांनी आणि त्यांच्या सोबतच्या गावोगावच्या बायांनी मिळून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बाया तुमच्या-आमच्यासारख्याच होत्या. तुमच्या गावात सत्तरीच्या पुढच्या किती जणींना अजून ओव्या येतात? महिन्यातून एक संध्याकाळ त्यांना कट्ट्यावर बसवा, फोनवर आवाज धरून ठेवा. धरण्याआधी त्यांना विचारा, आणि वहीत गाणारणीचं नाव स्वतःच्या नावानं लिहा. अमक्याची आई, तमक्याची सून असं नको. हस्त नक्षत्रात हादगा तिथेच घाला. वेळ मात्र स्वयंपाक आणि धारा बघून ठरवा. कार्यक्रम संध्याकाळी सहाला ठेवायचा आणि मग बाया येत नाहीत म्हणायचं, याला काय अर्थ?

हे सगळं कागदावर कुठे आणायचं, तेवढं सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असं आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती सह्यांपुरती उरते. त्या सभेत बसा आणि ठराव लिहून घ्या: अमुक जागी कट्टा, सावली, दिवा, भिंत, आणि इतक्या बायांची इतक्या दिवसांची मजुरी. फेरीची वही सोबत न्या. कुणी म्हणालं की गरज काय, तर पानं उघडून दाखवा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के पैसा महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. त्यातून यातलं काय बसतं आणि काय गावच्या विकास आराखड्यात घालावं लागेल, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सभेतच विचारा, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येईल. ठरावाची नक्कल मागून घ्या आणि गटाच्या दप्तरात लावा. कट्ट्याची झाडलोट कोण करणार आणि दिव्याचं बिल कोण भरणार, हेही त्याच ठरावात असू द्या, नाहीतर ते काम आपोआप आपल्याच अंगावर येतं.

पुढची महिला सभा कधी आहे ते या आठवड्यात ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. फळ्यावर नोटीस लागायची वाट बघू नका. आणि एकटीनं जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.