काळे दगड, पांढरे दगड

जर्मनीतलं ड्रेस्डेन पाहायचं तर पायीच, असं मला सांगितलं होतं. २००७ साली मी गेले, तेव्हा गुडघे कुरकुरत नव्हते. एल्बे नदीकाठचं जुनं शहर तसं आटोपशीर. झ्विंगर राजवाडा, ऑपेरा, नदीवरची गच्ची, सगळं अर्ध्या दिवसात होतं.

वाटेत एका लांबलचक भिंतीवर सॅक्सनीच्या राजांची मिरवणूक लागते. लांबी १०२ मीटर. ती रंगवलेली वाटते, पण आहे माइसेनच्या सुमारे २३ हजार पोर्सेलिन फरशांची. १९४५च्या बॉम्बहल्ल्यातून ती बहुतांशी शाबूत राहिली. भट्टीतून निघालेल्या फरशांना आगीचं काय!

पुढच्या चौकातल्या फ्राउएनकिर्श या चर्चच्या नशिबी मात्र ते नव्हतं. १७४३ साली पूर्ण झालेलं हे दगडी घुमटाचं चर्च. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री हल्ले सुरू झाले, सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. चर्च आगीत उभं राहिलं आणि १५ तारखेला सकाळी कोसळलं. मग जवळजवळ पन्नास वर्षं नुसता ढिगारा. १९९४ साली पुनर्बांधणी सुरू झाली, २००५ मध्ये चर्च उघडलं. नव्या फिकट भिंतीत जुने दगड काळ्या ठिपक्यांसारखे बसवलेत.

आगीनं काळे झालेत, मी मनाशी म्हटलं. बहुधा मोठ्यानंच म्हटलं असावं, कारण बाकावर शेजारी बसलेल्या आजी हसल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, ‘‘इथल्या वालुकाश्मात लोह असतं. हवेनं तो आपोआप काळा पडतो. नवेही पडतील. मग जुना कुठला, कळायचं नाही.’’

मला ते आवडलं नाही. जखम दिसायला हवी, असं वाटत होतं. पण जखम माझी नव्हती. त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या, गावाबाहेर आजोळी होत्या म्हणून वाचल्या. ‘‘चर्च बांधल्याचा आनंद झाला?’’ मी विचारलं.

त्या जरा थांबल्या. ‘‘दर १३ फेब्रुवारीला मी त्या ढिगाऱ्याशी मेणबत्ती लावायची. आता लोक तिकीट काढून घुमटावर जातात.’’

वरचा नवा क्रूस घडवणाऱ्या लंडनच्या कारागिराचे वडील त्या हल्ल्यातल्या एका विमानात होते. हे मी वाचलं होतं, त्यांना सांगितलं. ‘‘ठाऊक आहे,’’ त्या म्हणाल्या. मी तिकिटासाठी पर्स उघडली, तशी त्यांनी माझा हात धरला. ‘‘आधी आत जा. ढिगाऱ्यात सापडलेला जुना क्रूस ठेवलाय, पार वाकलेला. तो बघा. त्याला तिकीट नाही.’’