एका कमानीचं चित्र



रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. तेव्हा आज ते तुम्हीच काढायचं. हाताशी कागद-पेन्सिल घ्या. चित्राचं नाव ‘ग्रेटा ब्रिज’. उत्तर इंग्लंडमधल्या ग्रेटा नावाच्या छोट्या नदीवरचा हा पूल इंग्लिश चित्रकार जॉन सेल कॉटमननं १८०५च्या सुमारास, ऐन तेविशीत, जलरंगात रंगवला. मूळ चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आकार जेमतेम २३ बाय ३३ सेंटिमीटर.

कागद आडवा धरा. मधोमध पुलाची आडवी पट्टी ओढा आणि तिच्यात एकच रुंद कमान काढा. पुलामागे झाडांचे गडद पुंजके, त्यांच्या सोबतीला फिकट भिंतींचं एक घर. वर आकाश, खाली संथ पाणी, पुढे मोठाले धोंडे. झालं चित्र!

इतक्या थोडक्या ऐवजावर हे चित्र दोनशे वर्षं उभं आहे, ते रचनेच्या बळावर. पुलाची आडवी पट्टी सगळ्या दृश्याला बैठक देते. नुसती पट्टी असती तर चित्राचे दोन तुकडे पडले असते. कमान ते होऊ देत नाही. तिच्यातून नजर पलीकडे जाते आणि पाण्यावरून पुन्हा आपल्यापाशी येते.

आता झाडं पाहा. कॉटमन पानं मोजत बसत नाही. अख्ख्या झाडोऱ्याचा तो एक आकार करतो, त्यावर सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर, देतो आणि त्याची कड स्वच्छ राखतो. एक वॉश वाळला की त्याच्या कडेला दुसरा बसवतो, फरशीला फरशी भिडवावी तसा. घराची भिंत उजळते ती शेजारच्या गडद रंगामुळे. म्हणजे झाड रंगवता रंगवता त्यानं घरही घडवलं.

आपल्याकडे नाशिकच्या गोदाघाटावर किंवा वाईजवळ मेणवलीला बोर्ड मांडीवर घेऊन बसणारे विद्यार्थी मी पाहतो. समोर पायऱ्या, शिखरं, वाळत घातलेली लुगडी, माणसांची वर्दळ. हात थेट खिडक्या आणि पायऱ्या मोजू लागतो. तासाभरानं कागदावर सगळं असतं, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. पोस्टर कलरनं चूक झाकता येते. पारदर्शक जलरंगात गडदावर उजेड चढवता येत नाही. उजेड म्हणजे राखून ठेवलेला कोरा कागद. तो कुठे राखायचा, हे ब्रश भिजवण्याआधीच ठरवावं लागतं. म्हणून जलरंगात रचना आधी, रंग नंतर.

त्यासाठी एक साधी सवय लावून घ्या. दृश्याकडे डोळे किलकिले करून पाहा. बारकावे विरतील आणि गडद, मध्यम, फिकट असे तीनच मोठे आकार उरतील. काडेपेटीएवढ्या चौकटीत ते पेन्सिलनं भरा. ती चिमुकली चौकट जमली, तरच मोठा कागद ताणा.

आणि एकाच जागी पुन्हा जायला कंटाळू नका. कॉटमननंही १८१०मध्ये हाच पूल नव्यानं रंगवला. ते चित्र नॉरिचच्या कॅसल म्युझियममध्ये आहे. तुमच्या गावच्या ओढ्यावरही एखादा पूल असेलच. येत्या रविवारी सकाळी त्याच्या समोर जाऊन बसा, आणि पहिली दहा मिनिटं रंगाची पेटी उघडू नका.