अपुऱ्या जागेतील आसवशाला

इंग्लंडातील लहान घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तेथील जिन्याखालचे फडताळ परिचयाचे असेल. केरसुण्या, पावसाळी जोडे आणि नेहमी न लागणारे सामान ठेवण्यासाठी राखलेल्या त्या तिरक्या छताच्या, अंधाऱ्या जागेत कित्येक गृहस्थ ब्लॅकबेरीचे, एल्डरच्या फुलांचे अथवा द्राक्षरसाचे आसव वर्षानुवर्षे सिद्ध करीत आले आहेत. आणि त्यांची ही रीत जवळून न्याहाळल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे, की या उद्योगाला लागणारी जागा चौरस फुटांत मोजण्यापेक्षा उष्णता, उंची आणि हवा या तिहींच्या हिशेबाने मोजणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कायद्याची बाब आरंभीच सांगितलेली बरी. ब्रिटनमध्ये स्वतःच्या घरच्या उपयोगापुरते आसव करण्यास परवाना लागत नाही आणि त्यावर सरकारी करही द्यावा लागत नाही. मात्र ते विकण्यास अथवा त्यापासून घरी मद्यार्क गाळण्यास सक्त मनाई आहे. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून असे आसव करणे हा गुन्हा होतो; तेव्हा पुढील सर्व विवेचन इंग्लंडातील घरांपुरतेच समजावे.

महायुद्धात साखरेवर आलेले नियंत्रण तेथे सप्टेंबर १९५३ मध्ये उठले, आणि त्यानंतर या छंदाचा प्रसार झपाट्याने झाला. अँडोव्हर गावच्या सी. जे. जे. बेरी यांचे ‘फर्स्ट स्टेप्स इन वाइनमेकिंग’ हे १९६० साली निघालेले पुस्तक तर असंख्य घरांत गेले. या मंडळींनी एक गॅलन, म्हणजे सुमारे साडेचार लिटर, हे माप प्रमाण धरले, यात मला मोठी दूरदृष्टी दिसते. एक गॅलनची काचेची बरणी वीतभराहून कमी रुंद आणि हातभराहून कमी उंच असते, आणि तिच्यातून सहा बाटल्या आसव निघते. मोठ्या पिंपाचा मोह ज्याने टाळला, त्याच्या जागेच्या अडचणीचा निम्मा निकाल तेथेच लागला.

आता उष्णतेविषयी. फळे ठेचून, त्यांत पाणी, साखर आणि यीस्ट घालून झाकणाच्या बादलीत ठेवली, की चार-सहा दिवस ती जोराने फसफसतात. चोथा वर येतो आणि दिवसातून दोनदा ढवळून तो खाली दाबावा लागतो. फेस उतू जाऊ नये म्हणून बादली रसाच्या दुप्पट मापाची असावी. या अवस्थेला वीस अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब हवी, आणि ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयती मिळते. आठवड्याने रस गाळून बरणीत गेला, की तो कोपरा पुन्हा गृहिणीच्या स्वाधीन करता येतो. कित्येक जण बरणी गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या, कपडे वाळवण्याच्या कपाटात ठेवतात. पण तेथील उष्णता पुष्कळदा प्रमाणाबाहेर जाते आणि फळाचा सुगंध तिच्यात नष्ट होतो, म्हणून ती जागा मला पसंत नाही. बरणीच्या तोंडाशी पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. तिच्यातून आतला वायू बाहेर पडतो, परंतु बाहेरची हवा आत शिरत नाही. एक किलो साखर पूर्णपणे आंबली म्हणजे सुमारे अडीचशे लिटर कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो, आणि हा वायू हवेहून जड असल्याने खाली साचतो. यास्तव अनेक बरण्या एकदम आंबत असताना फडताळाचे दार बंद ठेवणे सर्वथा अयोग्य होय.

उंचीकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, आणि म्हणूनच तिच्याविषयी मी अधिक आग्रहाने सांगतो. आसव निवळू लागले, की मृत यीस्टचा साका तळाशी बसतो. त्यावर ते फार काळ राहिल्यास चव बिघडते, म्हणून नळीने वरचा निवळ रस दुसऱ्या बरणीत उतरवून घ्यावा लागतो. हा रस केवळ उताराने वाहतो. त्यासाठी भरलेली बरणी वर आणि रिकामी खाली असणे अवश्य आहे. जागा थोडी म्हणून बरण्या जमिनीवर ठेवायच्या आणि ऐन दिवशी त्या मेजावर उचलायच्या, असे केले की महिनाभर संथपणे बसलेला साका क्षणात ढवळून निघतो. यासाठी बरणीची फळी प्रारंभापासूनच कमरेच्या उंचीवर असावी. भरलेली बरणी सहा-सात किलो भरते. चार बरण्यांचा भार पंचवीस किलोंच्या वर जातो, तेव्हा फळी भिंतीत पक्की ठोकलेली असावी, नुसत्या खुंट्यांवर टेकवलेली नसावी.

राहिली हवा. आंबणे थांबल्यावर बरणी गळ्यापर्यंत भरलेली हवी, कारण हवा मिळाली की आसवाचा शिरका करणारे जंतू आपले काम सुरू करतात. हे काम सजीवांचे आहे, हे लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवून दिले. चिलटे हे जंतू वाहून आणतात. म्हणून शिरक्याची बाटली आणि आसवाची बरणी एका फडताळात कदापि ठेवू नये. बरणी भरून उरलेल्या रसासाठी लहान बाटल्या हाताशी असाव्यात. स्वच्छतेचे काम धुण्याच्या मोरीपाशीच होते. त्यासाठी वेगळी जागा लागत नाही.

बाटल्या भरण्याची घाई मात्र करू नये. रसाची घनता मोजणारे मापक आरंभी १.०८० च्या आसपास दाखवते आणि साखर संपली की १.००० च्या खाली येते; ते तेथे स्थिर होण्यापूर्वी बूच मारल्यास बाटली फुटण्याचा धोका असतो. भरलेल्या बाटल्या जिन्याखालच्या गारव्यात आडव्या ठेवाव्यात, म्हणजे बूच ओले राहते.

एल्डरची फुले जूनमध्ये येतात, ब्लॅकबेरी सप्टेंबरच्या सुमारास पिकते. त्यामुळे दोन बरण्यांत वर्षाचा क्रम नीट बसतो, फक्त गेल्या वर्षीचे ब्लॅकबेरीचे आसव ऑगस्टअखेर बाटल्यांत गेलेले असले पाहिजे. तिसरी एक बरणी मात्र सदैव रिकामी राखावी, कारण साक्यावरून उतरवलेला रस घ्यायला तीच उपयोगी पडते.