रोमन दिवा व आपला जवस

रोमन लोकांचा मातीचा दिवा आपल्या पणतीसारखा उघडा नसून बहुधा झांकलेला असे. वरचा व खालचा भाग निरनिराळ्या साच्यांत दाबून कुंभार ते जोडीत असे. मध्यें तेलाचें छिद्र, पुढें वातीची चोंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत फॉर्टिस या इटालियन कारखानदाराचें नांव दिव्यांच्या बुडाशीं उठविलेलें असे. माल इतका खपला, कीं दूरदेशींच्या कुंभारांनीं दिव्याबरोबर तें नांवही बिनदिक्कत उचललें!

तेल बहुधा ऑलिव्हचें, म्हणजे स्वयंपाकाचेंच. गरिबाघरीं उजेड जेवणांतून काढावा लागे. रॉकेल येईपर्यंत आमच्या भंडाऱ्याकडेही तेंच. धानाच्या बांधींत पेरलेला जवस तेल्याच्या घाण्यांतून आला, कीं भाजीला किती व दिव्याला किती, हा हिशेब घरच्या बाईनें करावयाचा. मुलांचा अभ्यास त्या हिशेबावर चाले. शिवाय जवसाचें तेल हवेनें चिकट होतें. वातीची काजळी सारखी झाडावी लागे.

रोमन लोक याच झाडाच्या काडीच्या भरड धाग्याची वात करीत, असें थोरल्या प्लिनीनें लिहून ठेविलें आहे. आपण बीं घाण्याला दिलें, काडी चुलीला; वात मात्र कापसाची.