माझी कार्डं नक्की आहेत कुठे?

आजचा भाग घरूनच रेकॉर्ड करतोय, मुलुंडहून. मागे कुकरची शिट्टी आली तर समजून घ्या. आईला सांगितलंय, पण कुकर काही माझं ऐकत नाही.

आजचा विषय आहे स्किन्स. बंदुकीच्या नव्हे, कार्डांच्या. म्हणजे मोबाइलवरच्या कार्ड गेममध्ये एकाच कार्डाची दहा वेगवेगळी चित्रं असतात ना, ती. कार्डाची ताकद तीच, नाव तेच, फक्त चित्र भारी. आणि त्यासाठी माझ्यासारखा, बीटेक झालेला, स्वतःला शहाणा समजणारा माणूस पैसे मोजतो.

माझं रोजचं जाणं-येणं मुलुंड ते अंधेरी. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. लोकलमध्ये मोबाइल काढायला जागा नसते, त्यामुळे खेळ सगळा मेट्रोत. मार्व्हल स्नॅप हा गेम जणू घाटकोपर-अंधेरी प्रवासासाठीच बनवलाय. बारा कार्डांचा डेक, सहा टर्न, तीन-चार मिनिटांत निकाल. असल्फा यायच्या आत एक डाव, मरोळ नाक्यापर्यंत दुसरा. तिसरा बहुतेक वेळा अंधेरीच्या जिन्यावर हरतो.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हा गेम आला आणि त्याने एक भन्नाट गोष्ट केली. कार्ड साधं मिळतं. पहिलं अपग्रेड केलं की पात्र चौकटीच्या बाहेर येतं. दुसऱ्यात चित्र थ्रीडी होतं, तिसऱ्यात हलायला लागतं. असं करत करत सहाव्या पायरीला इन्फिनिटी. एका कार्डाचा तळापासून वरपर्यंतचा खर्च १५२५ क्रेडिट. तिथे संपेल असं वाटतं ना? नाही. तिथून ते कार्ड ‘स्प्लिट’ होतं, म्हणजे नवी प्रत मिळते आणि तिच्यावर वेगळी चमक. पुढच्या स्प्लिटला आणखी वेगळी. सोनेरी पार्श्वभूमी, शाईने काढल्यासारखी पार्श्वभूमी... आणि कोणती येईल ते नशिबावर.

बरं, यातली खरी मेख इंजिनियर म्हणून मला फार उशिरा कळली. अपग्रेड केलं की तुमची कलेक्शन लेव्हल वाढते, आणि लेव्हल वाढली की नवी कार्डं मिळतात. म्हणजे जी गोष्ट ‘फक्त दिसायला’ होती, तिलाच पुढे जायचा रस्ता जोडलेला. डिझाइन म्हणून मी आजही सलाम करतो. असं काहीतरी ऑफिसात सुचलं असतं तर आत्तापर्यंत माझं प्रमोशन झालं असतं.

आता थोडं मागे जाऊ. लहानपणी आमच्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये दोन चलनं होती. चिप्सच्या पाकिटात यायचे ते पोकेमॉनचे टाझो, आणि डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं. उंची म्हटलं की द ग्रेट खली, बाकी सगळे गप्प. टाझो डबल आला तर वाईट वाटायचं नाही, उलट बरं वाटायचं, कारण डबल म्हणजे सौदा. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे माझं हवं असलेलं असायचं, त्याला माझं डबल हवं असायचं, आणि अर्धा तास घासाघीस. ती घासाघीस म्हणजेच खरा खेळ होता.

आता गंमत बघा. या गेमना म्हणायचं ‘ट्रेडिंग कार्ड गेम’, आणि स्नॅपमध्ये ट्रेडिंगच नाही. माझं कार्ड मी कुणालाच देऊ शकत नाही. पोकेमॉनचा पॉकेट गेम ३० ऑक्टोबर २०२४ ला आला, तेव्हा त्यातही देवाणघेवाण नव्हती. जानेवारी २०२५ च्या शेवटी आली ती टोकन लावून, आणि टोकन मिळवायला स्वतःचीच कार्डं मोडायची! लोक इतके वैतागले की पुढे ती टोकनं काढावी लागली.

देता येत नाही, विकता येत नाही. मग माझ्याकडे आहे काय? मी रोज डेटाबेसवर काम करतो, म्हणून सांगतो. माझ्या मोबाइलमध्ये कार्ड नाहीच. कुठल्यातरी सर्व्हरवर एक तक्ता आहे. एका रकान्यात माझा नंबर, दुसऱ्यात चित्राचा नंबर. ती एक ओळ म्हणजे माझी मालकी. असल्या ओळी मी ऑफिसात दिवसाला शेकड्याने उडवतो, चहा पिता पिता.

आणि ओळ उडते, हे आपल्या पिढीने बघितलंय. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्स बंद केली, त्यात पबजी मोबाइल. ३० ऑक्टोबरला भारतातली सेवाच थांबली. आमच्या ग्रुपमधला एक जण एम४१६ ग्लेशियर मिरवायचा. त्याने त्या रात्री लॉबीत उभं राहून स्क्रीनशॉट काढले. एखाद्याचा निरोप समारंभ असावा तसे. पुढे २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला. ज्यांचं अकाउंट फेसबुक किंवा ट्विटरला जोडलेलं होतं, त्यांना जुना माल हलवता आला. त्याची ग्लेशियर परत आली. पण तोवर त्याचं लग्न ठरलं होतं.

अमेरिकेतल्या स्नॅपवाल्यांनाही हा झटका बसला. १८ जानेवारी २०२५ च्या रात्री तिकडे टिकटॉक बंद झालं, आणि सोबत स्नॅपही, कारण प्रकाशक बाइटडान्सच्या घरातला. काही दिवसांत गेम परत आला. ते काही दिवस मी इकडे बसून विचार करत होतो, आपलं काय होईल.

माझ्यावर आली ती वेगळ्या बाजूने. मी खेळायचो तो एक छोटा कार्ड गेम, नाव घेत नाही, बंद झाला. साठ दिवसांची नोटीस, ‘तुमच्या प्रेमाबद्दल आभार’, संपलं. त्या दिवशी पहिल्यांदा प्ले स्टोअरमधली खरेदीची हिस्टरी उघडली आणि तिन्ही गेमची बेरीज केली. दोन वर्षांत ४३ हजार ६००. एकेक खरेदी बघितली तर वडापाव-कटिंगसारखी वाटत होती. शिवाय गेममध्ये रुपये दिसतच नाहीत, ‘गोल्ड’ दिसतं. ७०० गोल्डचं चित्र, १२०० गोल्डचं चित्र. आपण मनात भाषांतर करतच नाही.

आकड्याचं एवढं वाईट वाटलं नसतं. पण त्याच वर्षी आमच्या सोसायटीचं मोठं रिपेअर निघालं होतं. बाबांनी विचारलं, ‘तुला थोडं जमेल का?’ मी म्हटलं, या महिन्यात नाही जमणार. ते काही बोलले नाहीत. एक एफडी मोडली त्यांनी. चाळीस हजारांची.

हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा भाग ते ऐकणार नाहीत, त्यांना पॉडकास्ट म्हणजे रेडिओच वाटतो. पण दर महिन्याला थोडे थोडे त्यांच्या खात्यात टाकतोय. ‘कशाचे रे?’ विचारलं तर ‘असेच’ म्हणतो.

खेळ सोडलाय का? नाही. मेट्रो तीच, डाव तेच. कार्ड फोनमधून काढलंय फक्त.

मागच्या रविवारी बोरिवलीहून मावशी आली होती, सोबत तिचा मुलगा, अकरावीत आहे. त्याने माझं कलेक्शन बघितलं, डोळे चमकले. ‘दादा, हा सोनेरीवाला मला दे ना.’ म्हटलं, देता येत नाही रे. मग माळ्यावरून जुना डबा काढला आणि खलीचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. कोपरे झिजलेले, मागे पेनाने माझं नाव.

त्याने उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, ‘हे स्कॅन कुठे करायचं?’

चला, शिट्टी झाली तिसरी. भेटू पुढच्या भागात.